इजिप्तची लिपी एका फॉन्टात मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्णपणे उघडलं तेव्हापासून आपल्याकडे इजिप्तवर बरंच छापून येतंय, तुमच्या पुरवणीतही येतंय, आणि मी ते सगळं आवडीने वाचते. पण प्रत्येक वेळी लिपीचा विषय निघाला की तोच एक तक्ता छापला जातो, घुबड म्हणजे म, पाण्याची नागमोडी रेघ म्हणजे न, सगळी चिन्हं एका उंचीची, एका जाडीची, काळ्या रेघेतली. वाचकाला वाटतं की तीन हजार वर्षं इजिप्तचे लोक असंच लिहीत होते. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवलं, इजिप्तला जाऊन या भिंती जवळून पाहिल्या, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र.

मुळात तक्त्यातलं ते वळण आलं कुठून? आज पुस्तकांत आपण जी चिन्हं बघतो त्यातली पुष्कळशी अ‍ॅलन गार्डिनर यांच्या 1927 च्या व्याकरणासाठी केलेल्या टाइपवरून आलीत. नॉर्मन आणि नीना डेव्हिस या चित्रकार जोडप्याने ती काढली आणि नमुना म्हणून घेतल्या थीब्जच्या, म्हणजे आजच्या लुक्सॉरजवळच्या, अठराव्या राजघराण्याच्या काळातल्या (साधारण इ. स. पू. 1550 ते 1300) थडग्यांतल्या भिंती. काम अप्रतिमच आहे त्याबद्दल वादच नाही. पण तो एका भागातला, एका काळातला हात आहे, आणि आपण तो सगळ्या इजिप्तचा म्हणून छापतो.

आता प्रत्यक्षात काय काय दिसतं बघा. मेइडूमला नेफरमाआत नावाच्या चौथ्या घराण्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याचं थडगं आहे, तिथे चिन्हं दगडात खोल कोरून आत रंगीत लगदा भरलाय आणि शेजारी लिहूनच ठेवलंय की हे लेखन पुसता येणार नाही असं केलंय. पुढे तो लगदा वाळून, तडे जाऊन बराचसा गळून पडला आणि ही पद्धत मागे पडली. सक्काऱ्याला उनास राजाचा पिरॅमिड, साधारण इ. स. पू. 2350, त्याच्या आतल्या भिंतींवर उभ्या रांगांत चिन्हं कोरलीत आणि सगळ्यांत निळा रंग भरलाय, बाकी काही नाही, नुसता निळा. पिरॅमिडमधल्या या लेखांत माणसांची चिन्हं बऱ्याच ठिकाणी अर्धवट काढलेली किंवा गाळलेली सापडतात, कारण चिन्ह जिवंत होऊन मृत राजाला त्रास देईल अशी भीती होती, आणि पुढे मध्य राज्य म्हणतात त्या काळाच्या शेवटी (साधारण इ. स. पू. 1700 च्या आसपास) तर काही शवपेट्यांवर पक्ष्यांचे पायच काढलेले नाहीत आणि सापाचे दोन तुकडे केलेत. म्हणजे चिन्ह कसं दिसतं याला त्या लोकांच्या लेखी केवढं वजन होतं ते कळतं, आणि हे तक्त्यात कुठे दिसणार?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते कर्नाकच्या देवळातल्या मोठ्या खांबांच्या दालनाबद्दल. उत्तरेकडचा भाग सेती पहिला याने करून घेतला, तिथे उठावाचं काम आहे, म्हणजे चिन्हाभोवतीचा दगड सगळा तासून काढायचा आणि चिन्ह वर ठेवायचं, वेळखाऊ आणि फार नाजूक. दक्षिणेकडे त्याचा मुलगा रामसेस दुसरा, त्याने सुरुवात उठावानेच केली पण मग खोल कोरायला लागला, नुसती चिन्हाची कड आत उतरवायची आणि आतून थोडा आकार द्यायचा, आणि स्वतःच्याच आधीच्या उठावाच्या भिंती त्याने नंतर खोलात बदलून घेतल्या. एकाच छपराखाली बाप-लेकाचे दोन हात! मी तिथे मान वर करून करून थकले पण हलवेना, सेतीच्या बाजूला कड अशी मऊ की सावली जेमतेम पडते आणि दुसरीकडे काळीभोर रेघ. अबायडोसच्या सेतीच्या देवळातही हेच, बाप गेल्यावर उरलेलं काम मुलाने खोल कोरून संपवलं. आणि हे खोल कोरणं कुठवर गेलं तर मेदिनेत हाबूला रामसेस तिसऱ्याच्या देवळात चिन्हं इतकी आत आहेत की हाताचा पंजा जाईल. उन्हात सावली ठसठशीत पडावी हे एक कारण, दुसरं म्हणजे पुढच्या राजाला नाव खोडून स्वतःचं घालता येऊ नये असं अभ्यासक सांगतात.

त्याच कर्नाकमध्ये सेनुस्रेत पहिला याची पांढरी चुनखडीची छोटी देवडी आहे, ती पुढच्या एका राजाने मोडून दगड दरवाजाच्या भरावात घातले होते, विसाव्या शतकात ते काढून परत जुळवली. तिथली चिन्हं इतकी बारीक की पक्ष्याची पिसं वेगवेगळी दिसतात, लिपी आहे हे विसरायला होतं.

आणि दुसरीकडे राजांच्या घाटीत थुटमोस तिसऱ्याच्या थडग्यात जा, भिंत नसून पपायरसची, म्हणजे त्यांच्या लव्हाळ्याच्या कागदाची, मोठी गुंडाळी उलगडून लावलीय असं वाटतं, देव म्हणजे काटक्यांची माणसं आणि चिन्हं भराभर काढलेली, फक्त बाह्यरेघ. बोरूने लिहिताना जे वळण येतं तेच भिंतीवर आणलंय. पपायरसवरच्या मृतांच्या ग्रंथातही (मेलेल्याच्या पुढच्या प्रवासासाठीचे मंत्र) अशीच धावती चिन्हं असतात. होरेमहेबच्या अपुऱ्या थडग्यात तर लाल रंगातला कच्चा आराखडा आणि त्यावर काळ्या रंगातल्या दुरुस्त्या अजून दिसतात, कोणीतरी वरिष्ठाने येऊन घुबडाची मान सरळ केलीय असं वाटायला लागतं.

आणि हे सगळं नुसतं बघायला छान म्हणून नाही हो. आपल्याकडे मोडीचे जाणकार वळण बघून शिवकालीन कागद की पेशवेकालीन ते सांगतात, तसंच तिकडे चिन्हाच्या आकारावरून तारीख नसलेल्या दगडाचा काळ आणि गाव ठरवायचं शास्त्र आहे. जुनं राज्य, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांचा काळ, मोडल्यावर राजदरबारच्या कार्यशाळेचा धाक गेला तेव्हा देंदेरा, गेबेलेन अशा ठिकाणच्या कारागिरांनी आपापल्या पद्धतीने शिळा कोरल्या, चिन्हं लहानमोठी, ओळ वाकडी, हातपाय लांबच लांब. पुष्कळ पुस्तकांत याला बिघडलेलं काम म्हणतात, मला पटत नाही, त्या शिळांत जो जिवंतपणा आहे तो दरबारी कामात क्वचित दिसतो. पुढे पंचविसाव्या-सव्विसाव्या घराण्याच्या वेळी (साधारण इ. स. पू. आठवं ते सहावं शतक) लोकांनी मुद्दाम हजार-दीड हजार वर्षं जुनं वळण उचललं, म्हणजे त्यांनाही जुन्या-नव्या हातातला फरक चांगलाच कळत होता.

मग ग्रीक-रोमन काळ. नेहमीच्या वापरातली सातशे-साडेसातशे चिन्हं वाढून काही हजारांवर गेली. एस्नाच्या देवळात एक स्तोत्र जवळजवळ सगळं मेंढ्यांच्या चिन्हांत आहे आणि एक मगरींच्या. त्याच देवळात 2018 पासून इजिप्शियन आणि जर्मन मंडळी काजळी काढतायत, खालून झळझळीत रंग निघाले आणि कोरलेले नसून नुसते रंगाने लिहिलेले लेखही निघाले जे आधीच्या नोंदींत आलेच नव्हते. आणि शेवटचा तारीखवार लेख फिले बेटावरच्या देवळात, 24 ऑगस्ट इ. स. 394, चिन्हं ओबडधोबड, खरवडल्यासारखी, पण त्या माणसाने लिहिली.

युनिकोडनेही (कॉम्प्युटरवर जगभरच्या लिप्यांची चिन्हं ठरवणारी यादी) 2009 साली 1,071 चिन्हं घेतली होती ती 2024 मध्ये जवळपास चार हजारांनी वाढवली, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांनाही ती यादी तोकडी पडली. तरी फॉन्ट तो फॉन्टच, उठाव, खोली, रंग त्यात येत नाही.

तर विनंती एवढीच, तक्ता छापू नका असं मी म्हणत नाही, मुलांना मजा येते, छापा. पण त्याच्या शेजारी एका चिन्हाचे, समजा त्या घुबडाचेच, चार-पाच फोटो छापा, पांढऱ्या देवडीतलं, उनासचं निळं, थुटमोसच्या थडग्यातलं रेघेचं, मेदिनेत हाबूचं खोल, आणि प्रत्येक फोटोखाली जागा, राजा आणि साधारण साल लिहा. नुसतं 'प्राचीन इजिप्तमधील शिलालेख' असं खाली लिहून सोडू नका, तीन हजार वर्षांतला कुठला आणि कोणाचा ते वाचकाला कळू दे. मुलांच्या पानासाठी जागा कमी असेल तर राशिभविष्याखालची अर्धी चौकटही चालेल.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली