माझ्या पेनावर हात ठेवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,
सा. न. वि. वि.

इंदूरच्या त्या वस्तीत तुम्ही सगळ्यांच्या 'आशा दीदी', म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आशा सेविका. पहिल्याच दिवशी मला 'कुठली गं तू?' असं मराठीत विचारलंत, मी 'रामबागेतली' म्हटलं, आणि तुम्ही माझ्या मावशी झालात.

परवा माता-बालआरोग्याच्या इंटर्नशिपचा अहवाल दिला आणि घरी येऊन रडले. समोर बसून बोलता आलं नसतं, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही भेटण्याआधी एका कागदासाठी मी तीन आठवडे एका कार्यालयाच्या बाकावर बसले. साहेबांनी एकदा मान वर केली नाही. एका जाणत्या माणसाने तर सांगितलं, 'फॉर्म घरीच भरून टाक, कोण बघतंय?' गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन, बाळांची वजनं, घरी बसून भरायची! माता-बालआरोग्य हा विषयच सोडावा असं वाटलं होतं त्या दिवशी.

तुम्हाला बराचसा मोबदला कामागणिक. माझ्याबरोबर कान्ह नदीकाठच्या वस्तीत उन्हात हिंडण्याचा एक पैसाही मिळणार नव्हता. तरी आलात. गरोदरपणातल्या लोहाच्या १८० गोळ्यांपैकी किती घेतल्या, असं मी विचारलं की प्रत्येकीचं उत्तर 'सगळ्या'. तुम्ही हळूच विचारायचात, 'चहाबरोबर घेतेस का गं?' मग खरं बाहेर यायचं. मळमळतं, शौचाला काळं होतं, भीती वाटते. पाकिटं फळीवर तशीच. तुम्ही कधी रागावला नाहीत. 'काळं होतं ते गोळीमुळेच, घाबरू नको. रात्री जेवून घे, वर लिंबूपाणी. चहा नको.'

आणि ते कोपऱ्यावरचं घर. मी फॉर्ममधला प्रश्न होता तसा वाचला: 'बाळंतपणं किती? हयात मुलं किती?' ती गप्प झाली. मी पुन्हा विचारणार, तोच तुम्ही माझ्या पेनावर हात ठेवलात. बोलला नाहीत काही. हातही काढला नाहीत. ती उठली, आतून पाणी पिऊन आली, तुमच्या शेजारी टेकली आणि आपणहून सांगू लागली. मी एक अक्षर लिहिलं नाही.

गल्लीत आल्यावर तुम्ही सांगितलंत. जन्मानंतर ३ऱ्या आणि ७व्या दिवशी तुम्ही त्या बाळाचं वजन करून आला होतात. १४व्या दिवशी गेलात तेव्हा झोळी सोडून ठेवलेली होती. ठरलेल्या भेटी ४२व्या दिवसापर्यंतच्या; तुम्ही मात्र अजून त्या घरी जाता, नुसतं बसायला.

मावशी, समोरच्याचं रडू आपल्या कामात अडथळा वाटू नये, एवढी माणुसकी मला त्या कार्यालयातल्या एकाही खुर्चीवर दिसली नाही. ती माणुसकी मी रजिस्टरांची पिशवी खांद्याला लावून पायी फिरताना पाहिली. तुमच्यासारख्या किती जणी या शहरात अशा फिरत असतील, आणि त्यांना कोणी उठून पाणीसुद्धा विचारत नसेल.

तो रकाना मी दुसऱ्या दिवशी भरला, तिला विचारून.

मंगळवारी लसीकरणाला अंगणवाडीत येते. वजनकाटा मी धरीन.

तुमची,
रामबागेतली मुलगी