‘किरकोळ दुरुस्ती’ किरकोळ नसते

जुन्या घरांची किंमत कशी ठरवावी, हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. चौरस फुटाचा दर आणि शेजारपाजारचे व्यवहार यांवर त्यात भर आहे. दुरुस्तीची मात्र ‘किरकोळ खर्च’ म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे, ती पटली नाही. विक्रीला काढलेल्या घराच्या छताला बहुधा नवा रंग असतो. एखाद्या कोपऱ्यात मात्र पापुद्रा फुगलेला दिसतो. तो नखाने खरवडला की भुसभुशीत गिलावा हातात येतो आणि मागे गंजलेली सळई. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटत जाते. तिथे रंगाने भागत नाही. सैल काँक्रीट फोडून सळई साफ करावी लागते, प्रसंगी बदलावी लागते आणि पाणी मुरते कुठून, हेही शोधावे लागते. बँकेचा मूल्यांकन अहवाल प्रामुख्याने कर्जाला तारण पुरेसे आहे का, ते पाहतो. सडलेल्या पाइपशी त्याला फारसे देणेघेणे नसते. तेव्हा इसार देण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा आणि तो आकडा वजा करूनच बोलणी सुरू करावीत. विकणारा नाराज होईल, होऊ द्या.

– एक वाचक