रत्नागिरीत काही घडत नाही म्हणतेस?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

‘इथे काही घडतच नाही, सगळं मुंबई-पुण्याला’ हे तुझं रडगाणं फोनवर ऐकलं. फोनवर समजवायला गेलं की तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते.

अगं, ज्या गावात १८२८ पासून वाचनालय आहे त्याला नावं कसली ठेवतेस? आधी तिथे सभासद हो. तुझं गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ सालचं. आमच्या वेळी वर्ग सुटले की खरं कॉलेज सुरू व्हायचं, म्हणजे तालमी. मी रंगमंचावर कधी गेले नाही, माझं काम प्रॉम्प्टिंगचं. विंगेत उभं राहायचं, हातात संहिता, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा: इथे हा अडखळतो, इथे मुद्दाम थांबतो. या दोन्हींतला फरक कळायला वेळ लागतो. शब्द घाईने पुरवला तर नट भडकतो, उशीर झाला तर प्रेक्षक खोकायला लागतात. बाहेरच्या हौशी संचातही जायचे मी. तिथे बँकेतले कारकून होते, शाळेतल्या एक बाई होत्या, एसटीचे एक कंडक्टर होते. त्यांना मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली की त्या रात्री त्यांचा प्रवेश गाळून तालीम. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे कापडी भिंती, रंगवायला मात्र सगळे, आणि पावसाळी हवेत तो रंग काही वाळायचा नाही.

मुंबईत तू तिकीट काढून खुर्चीत बसशील. इथे तुला नुसतं बसू देणार नाहीत, काही ना काही हातात देतील. म्हणून म्हणते, आधी तालमीला जाऊन उभी तर राहा.

संगीत नाटकाचं तर या गावाला वेडच. इथल्या ‘खल्वायन’ या नाट्यसंस्थेचा प्रयोग असला तर पुढची, ऑर्गनजवळची जागा धर. पायाने भाता मारता मारता तो वादक गाणाऱ्याला कसा सांभाळून घेतो ते बघ. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव असतो. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला, आणि आज त्याच्या वाड्यासमोर आपण ख्याल ऐकतो! शाल ने, रात्री गारठा पडतो. एखाद्या रविवारी मालगुंडला केशवसुतांचं घरही बघून ये.

आणि हो, आपल्या वाडीतलं नमन, ते कोकणी लोकनाट्य, तुला गावंढळ वाटतं, माहीत आहे मला. पण शिमग्याला संकासुराचं सोंग आलं की पोरंटोरं किंचाळतात आणि म्हाताऱ्या हसतात, एकाच वेळी. तुमच्या एकांकिकेत असं जमतं का बघ.

दिवाळीत तालीम असली तर यायची धावपळ करू नकोस. फराळ घेऊन मीच येते. प्रयोगाची तारीख ठरली की कळव, बाबांना रजा टाकायला सांगायला हवं.

तुझी,
आई