माधवीचं ते वाक्य

प्रिय नीलू,

तुझ्या कादंबरीचा खर्डा वाचून संपवला. गरुडाच्या पाठीवरचा प्रवास झकास जमलाय. पण माधवीचं एक वाक्य तू गाळलंस, आणि माझं भांडण त्यावरूनच आहे.

महाभारतातलं उद्योगपर्व पुन्हा काढून बघ. गालवाला गुरू विश्वामित्राच्या दक्षिणेसाठी ८०० घोडे हवेत, चंद्रासारखे पांढरे आणि एक कान काळा असलेले. राजा ययातीकडे घोडे नाहीत, म्हणून तो आपली मुलगी माधवी देऊन टाकतो. अयोध्येच्या हर्यश्व राजाकडे तसले घोडे २००च निघतात. गालव हबकतो, आणि तेव्हा माधवीच तोंड उघडते. म्हणते, एका ब्रह्मज्ञान्याने मला वर दिलाय, प्रत्येक बाळंतपणानंतर मी पुन्हा कुमारी होईन. मला राजाला दे आणि घोडे घे. चार राजांकडून तुझे ८०० पुरे होतील, मलाही चार मुलगे होतील.

तुझ्या खर्ड्यात हा हिशेब गालव मांडतो आणि ती रडत बसते. का गं? तिची कीव यावी म्हणून? मूळ कथेने तिला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाक्यं दिलीत, त्यातलं सगळ्यात अवघड तूच काढून घेतलंस. ती हे का म्हणाली असेल? बापाने दिलंच आहे, तर निदान सौदा तरी आपल्या तोंडाने ठरावा म्हणून? की लवकर सुटका व्हावी म्हणून? मला उत्तर नको, तिने ते वाक्य म्हणायला हवंय. बंडखोर भाषणही देऊ नकोस तिला. हल्ली अशा पुनर्कथनांत प्रत्येक नायिका पहिल्याच पानावर तलवार उपसते आणि आजची मतं ऐकवते. कंटाळा आलाय.

तसा हा उद्योग जुनाच. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी ओविडने ग्रीक महाकाव्यांतल्या पेनेलोपी आणि ब्रायसीस यांच्या नावाने पत्रं लिहिली. सोळाव्या शतकात बंगालच्या कवयित्री चंद्रावतीने रामायण सीतेच्या बाजूने गायलं. आपल्याकडे इरावतीबाई कर्व्यांनी १९६७ साली महाभारतावरच्या ‘युगान्त’मध्ये चमत्कार बाजूला सारून माणसं पाहिली. तुझी वाट मात्र उलटी आहे. तुला चमत्कार ठेवायचाय आणि तो खरा मानायचाय. मग तो पुरता खरा मान ना! तो वर अंगावर कसा उतरतो? मूल हर्यश्वाच्या घरी ठेवून ती काशीच्या दिवोदासाकडे निघते, तेव्हा दूध आटलेलं असतं का? पोटावरचे वण एका रात्रीत पुसले जातात, आणि पाळण्यातल्या वसुमनाचा वास? शरीर विसरतं आणि ती विसरत नाही, असा वर असेल तर तो वर कोणाच्या सोयीचा आहे, हे तुला वेगळं सांगावंच लागणार नाही.

आता घोड्यांकडे ये. तू त्यांना नुसतं सामान म्हणून वापरलंयस. मुळात हे घोडे १००० होते. विश्वामित्राचा बाप राजा गाधी, त्याने आपल्या मुलीचं, सत्यवतीचं, कन्याशुल्क म्हणून तिला मागणी घालणाऱ्या ऋचीक ऋषीकडे मागितलेले. ऋचीकाने ते वरुणाकडून आणले. पुढे गाधीने यज्ञात ते ब्राह्मणांना दान दिले. तीन राजांनी प्रत्येकी २०० विकत घेतले आणि उरलेले ४०० वितस्ता नदीच्या, म्हणजे झेलमच्या, पाण्यात वाहून गेले. ही सत्यवती म्हणजे विश्वामित्राची बहीण! एकीच्या लग्नात मोजलेले घोडे दुसरीच्या अंगावर वसूल होतायत, आणि कमी पडलेल्या २००च्या बदली विश्वामित्र माधवीलाच ठेवून घेतो. वर म्हणतो, आधीच माझ्याकडे का नाही आणलीस, चारही मुलगे माझेच झाले असते. त्या वितस्तेतल्या ४०० घोड्यांचं तू काहीच केलं नाहीस, याची मला हळहळ वाटते. तुझ्या जगात ते बुडालेलेच का राहावेत?

गंमत म्हणजे नारद ही गोष्ट दुर्योधनाला सांगतो ती हट्टाचे परिणाम दाखवायला, म्हणजे गालवाच्या हट्टाचे. माधवी त्यात ओघाने येते इतकंच.

स्वयंवरात ती जमलेल्या सगळ्यांना सोडून वनाला वरते आणि हरिणीसारखी गवत खात राहते. तिथे तू थांबलीस. थांबू नकोस. ययाती स्वर्गातून खाली पडतो तेव्हा तिचे चारही मुलगे आपलं पुण्य देऊ करतात, आणि ती आपल्या पुण्यातलं अर्धं देते. गालव येऊन तपाचा आठवा हिस्सा देतो. पक्का हिशेबी! पण तिचं ते अर्धं मला अजून पचलेलं नाही. क्षमा म्हणावी तर तसं कुठे लिहिलेलं नाही. हे प्रकरण तू घेणार की नाही, ते आधी कळव. घेणार असशील तर बाकीची भांडणं तूर्त बाजूला ठेवते.

तुझी,
शमा