‘तक्रार नाही’ ही नोंद होते कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोठडीतल्या मारहाणीची बातमी आली की पाठोपाठ पोलिसांचा खुलासा येतो: न्यायालयात हजर केले तेव्हा आरोपीने काहीच तक्रार केली नव्हती. रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागण्याच्या, कागदावर ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहिलेलेही असते. ती नोंद बहुधा खोटी नसते, आरोपी खरेच ‘नाही’ म्हणालेला असतो. तो तसे का म्हणतो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

परभणीचे उदाहरण ताजे आहे. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर उसळलेल्या आंदोलनात जी धरपकड झाली, तीत सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा मारहाण झाली नसल्याचे तो म्हणाला होता, असे सरकारने विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायात मात्र अनेक जखमांमुळे आलेला शॉक हे कारण होते. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला.

दंडाधिकाऱ्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, ही सक्ती मुंबईच्या प्रकरणातूनच आली. शहरातल्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली निकाल दिला. छळाची तक्रार आहे का हे विचारायचे आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा हक्क आहे हेही सांगायचे, असे त्यात आहे. यातला पहिला भाग छापील वाक्यात उरला, दुसरा बहुतेक वेळा गळतो. आणि प्रश्न विचारला जातो तेव्हा ज्याने मारले तोच, किंवा त्याच ठाण्यातला शिपाई, आरोपीचा हात धरून हातभर अंतरावर उभा असतो. दहा मिनिटांनी त्याच गाडीतून परत जायचे आहे, हे आरोपीला ठाऊक असते.

आता तर परत जाण्याची भीती लांबली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२च्या अनुपम कुलकर्णी निकालानुसार पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच संपायची. त्यानंतर तुरुंगात गेलेला माणूस निदान त्या गुन्ह्यात पोलिसांच्या हाताबाहेर जायचा आणि तोंड उघडायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७नुसार तेच पंधरा दिवस, गुन्हा किती गंभीर त्यावरून, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात तर पोलीस कोठडीच ३० दिवसांपर्यंत आणि आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत. तक्रार करणारा पुन्हा त्याच खोलीत येऊ शकतो, हे दोन्ही बाजूंना माहीत असते.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, मग मारायचे कशाला, असे लोक विचारतात. जबाब चालत नाही, पण त्यातून सापडलेली वस्तू चालते. म्हणून ‘निवेदन पंचनामा’, म्हणजे वस्तू कुठे आहे हे आरोपीने सांगितल्याची पंचांसमोरची नोंद, आणि पाठोपाठ जप्ती. राजकीय आरोपीकडून तर बहुधा जबाबही नको असतो, नावे हवी असतात. आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी, केरळमधल्या कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या राजन या विद्यार्थ्याला उचलून कक्कयमच्या छावणीत नेले ते यासाठीच. तिथे मांड्यांवरून जड लाकडी लाटणे दाबून फिरवीत. मुलगा कुठे आहे हे बापाला कुणी सांगितले नाही. तो कोठडीतच मेला हे उत्तर निघाले ते १९७७च्या हेबियस कॉर्पस (माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशा) अर्जानंतर, आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना पायउतार व्हावे लागले.

लाटणे का, तर कातडी फाटत नाही. आपल्याकडच्या रुंद पट्ट्याचेही तेच. त्याला पोलीस ‘सत्यशोधक’ म्हणतात, जोतीरावांचा शब्द कुठे नेऊन ठेवलाय पाहा. काठी किंवा पट्ट्याचा वळ नीट पाहिला तर दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट पट्टी दिसते. तो निळा, हिरवट, पिवळा होत एक-दोन आठवड्यांत पुसला जातो, सावळ्या कातडीवर ट्यूबलाइटच्या उजेडात तर आधीच दिसत नाही. तळव्यांवर मारले तर वरून जवळजवळ काहीच नसते, पण माणूस टाचेवर किंवा पावलाच्या कडेवर चालतो. मांड्या ठेचल्या की स्नायू फुटून लघवी कोऱ्या चहासारखी होते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. फुटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे सीपीके हे द्रव्य पहिल्या तीन दिवसांत खूप वाढलेले सापडते, आठवड्याभरात उतरते. सरकारी दवाखान्यात मात्र पोलिसासमोर, अंगावर शर्ट असताना, रक्तदाब घेऊन ‘ताजी जखम नाही’ लिहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने (१९९६) कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी सांगितली आहे, संहितेच्या कलम ५३नुसार जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ लिहायची असते आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला मिळते. ती प्रत मागणारे नातेवाईक आम्हाला क्वचित दिसतात.

अटक दाखवण्याआधीचा काळ तर कागदावरच नसतो. ‘चौकशीला बोलावले’ म्हणून सकाळी नेले, अटक दाखवली दुसऱ्या रात्री. न्यायालयात हजर करण्याचे २४ तास मोकळे जाता येत नाही त्या क्षणापासून मोजायचे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. घरच्यांनी नेल्याची वेळ, गाडीचा नंबर आणि नेणाऱ्याचे नाव लगेच पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना ई-मेलने कळवावे. नंतर ‘अटकेची वेळ’ पुढे सरकवायला तो ई-मेल आड येतो. अटकेची कारणे लेखी मागावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांत अटका बेकायदा ठरल्या त्या याच मुद्द्यावर.

दंडाधिकाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. प्रश्न विचारण्यापूर्वी पोलिसांना दालनाबाहेर काढा. आरोपीला चार पावले चालायला सांगा, चप्पल काढायला लावून तळवे पाहा आणि जे दिसले ते स्वतःच्या अक्षरात रोजनाम्यात लिहा. वकिलांनी पहिल्याच रिमांडला ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्यावा, ठाणे, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीरसिंग सैनी निकालाने (२ डिसेंबर २०२०) चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष, ठेवायला सांगितले असले तरी अर्ज उशिरा गेला की ‘त्या दिवशी यंत्र बंद होते’ हे उत्तर ठरलेले. अर्ज लवकर असेल, तर यंत्र बंद असल्याची त्या दिवशीची नोंद ठाण्याच्या डायरीत आहे का, हे तरी विचारता येते.

आपले,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील, पुणे