संदेश कळला, नृत्य कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धावरील एकल समकालीन नृत्याची वृत्तपत्रीय दखल बहुधा ‘शांततेचा संदेश देणारा प्रयोग’ या शब्दांपाशी संपते आणि नर्तकाने रंगमंचावर नेमके काय केले, ते वाचकाला कळतच नाही. ही तक्रार जुनी आहे; तरीही ती पुन्हा मांडावीशी वाटते.

उदाहरणादाखल ब्रिटिश नर्तक-नृत्यरचनाकार अक्रम खान यांची २०१८ मधील ‘झेनॉस’ ही एकल रचना पाहावी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या भारतीय सैनिकांवर ती बेतलेली आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘परका’. सुरुवातीला मैफल असते, गाणे आणि तालवाद्य असते, कथकचा पदन्यास असतो. मग नर्तक पायांतले घुंगरू सोडू लागतो आणि जे घुंगरू त्याच्या साधनेची खूण होते, त्यांच्याच लडी कधी बेड्या होतात, तर कधी काडतुसांचे पट्टे. मैफलीचे सामान दोरांनी मागच्या उंच चढावावर ओढले जाते. ग्रामोफोनच्या कर्ण्याचा शोधदिवा होतो. युद्ध वाईट असते, हे वेगळे सांगण्याची गरज तिथे उरत नाही.

त्या युद्धासाठी १० लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापार गेले आणि ६० हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुत येथे उपासमारीने शरण आलेल्या फौजेचे नाव ‘पूना डिव्हिजन’ होते, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. हे आकडे वाचून आपण पान उलटतो. एकल नृत्यात मात्र समोर शत्रू नसतो. हुकूम सोडणारा आणि तो झेलणारा, मारणारा आणि पडणारा, सारे एकाच देहातून उभे करावे लागतात. शिवाय त्या देहाला लागलेली धाप खरी असते. चाळिशी ओलांडलेल्या खान यांनी ही आपली अखेरची पूर्ण लांबीची एकल भूमिका ठरवली होती, हे लक्षात घेतले की त्या दमछाकीला निराळाच अर्थ येतो.

रंगमंचावर काय घडले याच्या लेखी नोंदीचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. स्पेनच्या यादवी युद्धाने व्यथित होऊन अमेरिकन आधुनिक नर्तिका मार्था ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये दोन एकल नृत्ये केली. त्यांपैकी ‘इमीजिएट ट्रॅजेडी’ पुढे हरवले आणि २०२० मध्ये ते नव्याने कल्पून उभे करताना छायाचित्रे, पत्रे, परीक्षणे अशा उरल्यासुरल्या अवशेषांचा आधार घ्यावा लागला. अशा वेळी ‘प्रभावी सादरीकरण’ या दोन शब्दांचा कोणाला काय उपयोग होणार?

जागेची अडचण मी जाणतो. तरीही समीक्षकांना एवढे सांगावे, की संदेशाचे वाक्य गाळले तरी चालेल, पण नर्तक कुठे थांबला, कसा कोसळला आणि उठताना त्याने भार कोणत्या पायावर घेतला, हे अवश्य लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक