पेपर कपाटातच ठेवायचा, बाबा

नागपूर, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर काही सांगायला घेतलं की आई मध्येच कुकर बंद करायला जाते आणि बाबा "बरं, ठेव मग" म्हणतात, म्हणून कागदावर लिहितेय. आधी महत्त्वाचं सांगून टाकते. बंगळूरच्या कंपनीतल्या नोकरीला मी नकार कळवला. रागवायचं असेल तर पत्र पूर्ण वाचून मग रागवा.

बाबा, तुम्ही दिवाळीत विचारलं होतं, "मशीनच सारं शोधन तं तू काय करशीन?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. मागच्या आठवड्यात इथं विज्ञानासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर कार्यशाळा झाली, तिथं बसून तुमचाच प्रश्न डोक्यात घोळत होता. नागपूरची गंमत अशी की वर्धा रोडवर कापूस संशोधन, अमरावती रोडवर माती सर्वेक्षण आणि संत्रा, नेहरू मार्गावर पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी, एवढं सगळं एका शहरात आहे. पण कापूसवाले आणि मातीवाले एका टेबलावर जेवताना मी पहिल्यांदाच पाहिले. (आई, जेवण बरं होतं. गोळाभात होता, कढी पातळ होती.)

सुरुवात झाली ती अर्थातच नोबेलपासून. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल निम्मं डेव्हिड बेकर यांना आणि निम्मं डेमिस हसाबिस व जॉन जंपर या जोडीला मिळालं. या जोडीचं अल्फाफोल्ड नावाचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल प्रथिनांचे आकार सांगतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती स्वतःभोवती कशी दुमडते त्यावर तिचं काम ठरतं, आणि ती घडी प्रयोगशाळेत शोधायला महिने, कधी कधी वर्षं जातात. २०२२ पर्यंत या मॉडेलनं २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचा अंदाज बांधून तो सगळ्यांना फुकट खुला केला. हे ऐकलं की वाटतं, खरंच, मग माणसाचं काय काम?

पण ते झालं कसं, ते बघा. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात मोजून ७ आकार होते. जगभरच्या लोकांनी एकेक करत त्यात भर घातली आणि अल्फाफोल्ड शिकलं तोवर ते पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. दुसरी गोष्ट म्हणजे कॅस्प. १९९४ पासून दर दोन वर्षांनी भरणारा हा मेळावा आहे, पण खरं तर ती परीक्षाच. ज्या प्रथिनांचा आकार प्रयोगातून सापडला आहे किंवा सापडण्याच्या बेतात आहे पण अजून जाहीर झालेला नाही, त्यांची फक्त साखळी स्पर्धकांना देतात. सगळ्यांनी आपापला अंदाज पाठवायचा, मग खऱ्या आकाराशी ताडून बघायचं. २०२० मध्ये कोविडमुळे हा मेळावा ऑनलाइन झाला आणि तिथंच अल्फाफोल्डनं बाकी सगळ्यांना मागं टाकलं. जगानं विश्वास ठेवला तो या परीक्षेमुळे, कंपनीच्या जाहिरातीमुळे नव्हे.

बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. सातवीत मी तुमच्याच वर्गात होते तेव्हा तिमाहीचा पेपर तुम्ही गोदरेजच्या कपाटात ठेवायचात आणि चावी आईलाही द्यायचा नाहीत. मला तेव्हा फार राग यायचा. कार्यशाळेतला सगळ्यात चांगला तास याच विषयावर होता: फुटलेल्या पेपरवर. प्रिन्स्टनचे सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की १७ ज्ञानशाखांमधल्या २९४ शोधनिबंधांवर या दोषाचा परिणाम झाला आहे. यंत्राला ज्या माहितीवर शिकवलं, त्यातलीच काही परीक्षेतही घुसली, आणि निकाल आहे त्याहून झकास दिसला. बहुतेकांनी मुद्दाम केलेलं नसतं. माहितीचे दोन भाग करताना काळजी घेतली नाही, एवढंच.

याचा नमुना आम्हाला दुपारी पोस्टर लावले होते तिथंच दिसला. एका विद्यार्थ्यानं गुलाबी बोंडअळीच्या पतंगांचे फोटो ओळखणारं मॉडेल मांडलं होतं, अचूकता जवळजवळ पूर्ण. कापसातले एक जुने कीटकशास्त्रज्ञ चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फोटो किती शेतांतले?" दोन. "सापळे तेच?" हो, तेच. म्हणजे यंत्र पतंग ओळखत होतं की त्या सापळ्याची पिवळी कड आणि मागचं कुंपण, हे कुणालाच सांगता येईना. पोरगा हुशार होता, खट्टू झाला नाही. वही काढून लिहायला बसला. अशा मेळाव्यांना जायचं ते या पाच मिनिटांसाठी, असं माझं मत आहे. भाषणं नंतरही बघता येतात.

फुगवून सांगणंही भरपूर चालतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या यंत्रचलित प्रयोगशाळेनं १७ दिवसांत ५८ पैकी ४१ नवे पदार्थ तयार केल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही महिन्यांत रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे आलेख तपासले आणि यातलं खरोखर नवं काहीच नाही असं म्हटलं. ही खोड जुनी आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजला कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिली उन्हाळी कार्यशाळा झाली, तिच्या प्रस्तावात निवडक १० जण २ महिने एकत्र बसले तर मोठी मजल मारता येईल अशी आशा होती. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी अशी ऑनलाइन परिषद भरवली की निबंधाचा पहिला लेखक यंत्र आणि परीक्षकही यंत्रच! शेवटी निवडक निबंध माणसांनी पाहिलेच म्हणा. प्रयोग म्हणून मजेशीर आहे, पण मला तिथं जावंसं वाटलं नाही.

एक मात्र ऐकून बरं वाटलं. अल्फाफोल्डनं दिलेला आकार बरा आहे का हे बघायला आजही एक आलेख वापरतात, तो जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासला बसून काढला होता. साखळीचे कोन कुठवर वळू शकतात आणि कुठं अणू एकमेकांवर आदळतील, एवढाच हिशोब.

आता पावसाचं. २०२५ च्या खरिपात कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचा अंदाज मेसेजनं पाठवला. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेला, आठ दिवस आधीच आला आणि मग मध्येच अडकला. लवकर पेरलं की दुबार पेरणीची पाळी. तो खंड पडणार हे या अंदाजात आधी आलं होतं. त्यासाठी गुगलचं न्यूरलजीसीएम, युरोपच्या हवामान केंद्राचं एआयएफएस ही कृत्रिम बुद्धिमत्तेची दोन मॉडेलं आणि आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी एकत्र वापरल्या. बाबा, तुम्ही असले मेसेज न वाचताच पुसता, हे आईनं मला सांगितलंय.

म्हणजे बघा, प्रथिनं असोत की पाऊस, यंत्र चाललं ते जिथं कुणीतरी पिढ्यान् पिढ्या खरं लिहून ठेवलं होतं तिथं. बोंडअळीचं तसं नाही. कॉटनएससारखी ॲपं आलेली आहेत. सापळ्यात पडलेल्या पतंगांचा फोटो काढायचा, यंत्र मोजून सल्ला देतं. पण ऑगस्टच्या झडीत सापळ्याच्या पिशवीत पाणी शिरतं, पतंगांचे खवले झडतात, दुसरेच कीटक त्यांना चिकटतात. अशा चिखलातले, वेगवेगळ्या गावांचे, हाताने मोजून ताडलेले फोटो हवे तेवढे कुणाकडे नाहीत. कंपनीत मला एसीत बसून उपग्रहाच्या चित्रांवर काम करायचं होतं. पगार तिप्पट होता, हे कबूल. पण ते काम करणारे तिथं रांगेनं उभे आहेत, आणि इथल्या सापळ्यांपाशी कुणी नाही. दोन खरीप हंगाम मी विदर्भातच काढणार. गाइडनी होकार दिलाय, फेलोशिप चालू आहे, भाडं निघतं. मावशीला "पोरगी चिखलात फिरून राहिली" एवढंच सांगा, तिला मजा वाटेल.

आणि बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. शिकवायला आम्ही तीन तालुक्यांतले फोटो वापरणार, पण आणखी एक तालुका पूर्ण बाजूला ठेवायचा, यंत्राला तो शेवटपर्यंत दाखवायचाच नाही. मी आपला तालुका सुचवला. आपल्या शेतात हेक्टरी ५ कामगंध सापळे लागतील. रोज सकाळी पतंग मोजायचे, आकडा वहीत, आणि फोटो थेट गाइडच्या नंबरवर. मला एकही पाठवायचा नाही, आकडाही सांगायचा नाही. मी फोनवर गोड बोलून विचारलं तरी नाही! सलग तीन दिवस सापळ्यागणिक ८ च्या वर पतंग आले तर मात्र माझ्या अभ्यासाची पर्वा न करता कृषी सहायकाला बोलवा आणि तो सांगेल ते करा. फवारायची वेळ आलीच तर रामभाऊंना हातमोजे, मास्क घालायला लावा. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

सापळे आणि ल्युर (पतंगांना सापळ्याकडे ओढणाऱ्या गंधाच्या गोळ्या) मी जूनच्या शेवटी एसटीनं पाठवते. ल्युर हाताळताना हाताला तंबाखू नको, आणि उरलेल्या ल्युर फ्रीजमध्ये ठेवायच्या आहेत. आई, तुझ्या लोणच्याच्या बरणीपासून लांब ठेव, डब्यावर लाल पट्टी चिकटवून देते. तुझ्या डोळ्याची तारीख डॉक्टरांनी पुढची दिली असेल तर मला लगेच कळव. मी त्या दिवशी सुट्टी टाकलेली आहे. बाबांच्या बीपीच्या गोळ्या इथून स्वस्त मिळतात, चिठ्ठीचा फोटो पाठव. तो पाठवायला मनाई नाही.

तुमची,
वंदू